चुकीच्या बंगल्यातला वालंटेर

दयाराम म्हात्रे आफ्रिकेला गेला, तो अलिबागेत उजवीकडे वळायचं ते डावीकडे वळला म्हणून. त्याआधी तो पालीच्या पलीकडे कुठं गेला नव्हता. आणि पालीलाही गणपतीनं कान धरून नेलं म्हणून गेला, असं त्याची बायको गोदू म्हणायची.

साल एकोणीसशे तीस. धरमतरच्या खाडीकाठी खारडोंगरी नावाचं गाव. पन्नास उंबरे, आणि पन्नास घरांचे पाय मिठागरात. दयाराम तिशीचा, उंच, अंगानं सुकट. बांध घालण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. बोलण्यात मात्र सगळेच त्याच्या पुढं.

त्या उन्हाळ्यात गावात एक नवा शब्द आला. वालंटेर. वालंटेरानं पांढरी टोपी घालायची, सरकारला न विचारता मीठ करायचं, लाठी पडली तरी हात उचलायचा नाही, आणि तुरुंगात जायचं. जन्मभर मीठच केलेल्या माणसांना याचं मोठं नवल वाटलं. रोजचंच काम करून नाव होणार असेल तर सोडतो कोण? गावातनं आठ जण एकदम तयार झाले. दयारामचं नाव नववं होतं.

निघायच्या दिवशी त्याला ताप भरला. आठ जण वाजतगाजत गेले. दयाराम गोधडीखालून ताशा ऐकत राहिला.

"ताप बी शहाणा हाय, जावईबापू," सासरा हिरामण दारातनं म्हणाला. "बरोबर येळ बघून आला."

हिरामण मिठागराचा मुकादम. त्याची जीभ तालुक्यात प्रसिद्ध होती. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं की ते कुठल्या आगरातलं, हे तो सांगायचा. एकदा गावानं त्याच्यापुढं बारा पुड्या ठेवल्या. त्यानं बाराही बरोबर ओळखल्या. तेरावीत कुणीतरी साखर घातली होती. त्या माणसाशी हिरामण पुढं दोन वर्षं बोलला नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी दयारामनं टोपी घातली. गोदूनं ओवाळलं. हिरामण बांधापर्यंत आला.

"जातोस तर जा. पन माफी लिहून देऊन परत आलास, तर गोदूला आधी माज्या घरी धाडून दे. तू ये मागनं, कवातरी."

हे बोलणं साधं नव्हतं. शेजारच्या गावातला एक जण असाच माफी लिहून देऊन आठवड्यात घरी आला होता. त्याला कुणी वाळीत टाकलं नाही, पण नावानंही कुणी हाक मारीना. सगळे त्याला माफीवाला म्हणायचे. परवा त्याच्या बायकोच्या तोंडूनही चुकून तेच निघालं, असं ऐकिवात होतं.

दयाराम अलिबागेत पोचला. त्यानं एका टांगेवाल्याला विचारलं, "वालंटेर भरती करतात ते ठिकान कुठं?"

"वालंटेर?" टांगेवाला म्हणाला. "हितनं डावीकडं. मिशनच्या बंगल्यात पाटी लागलीय. पंधरा दिवस शोधतायत, एक गावत न्हाय."

टांगेवाल्याचं काही चुकलं नव्हतं. मिशनच्या दवाखान्यातून एक तुकडी दक्षिण आफ्रिकेकडे निघाली होती. तिकडं वाळवंटाच्या कडेला नवा दवाखाना बांधायचा होता. त्यासाठी मातीकाम जाणणारा एक बिनपगारी माणूस हवा होता. पाटीवर तसं स्वच्छ लिहिलं होतं. दयारामला वाचता येत नव्हतं.

व्हरांड्यात एक गोरी डॉक्टरीणबाई बसली होती. दयारामला त्यात वावगं दिसलं नाही. चळवळीत एक गोरी बाई आहे, असं त्याच्या कानावर होतं. ही तीच असणार.

डॉक्टरीणबाईंचं मराठी शास्त्रातून, म्हणजे बायबलातून शिकलेलं. त्यांनी चष्मा वर केला.

"तू स्वखुशीने आला आहेस काय?"

"व्हय."

"पगार मिळणार नाही."

"मागितलाय कुनी?"

"घरापासून फार दूर राहावे लागेल. अठरा महिने."

दयारामनं बोटांवर मोजलं. "शेजारच्या गावात सहाच महिने दिले."

"आमचे कार्य मोठे आहे."

"मंग अठरा."

"अन्न साधे असेल."

"ठाव हाय. भाकरीत खडे असतात म्हनं."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. "तिथले कोणी तुझ्यावर रागावले, तुला मारले, तर?"

"मार खायचा. हात उचलायचा न्हाय."

बाईंची लेखणी थांबली. वीस वर्षं त्या या किनाऱ्यावर हीच शिकवण देत होत्या. इतक्या सहज ती कुणी परत दिली नव्हती.

"मद्य?"

"चैतापासनं सोडली."

"सकाळ-संध्याकाळ गीते गावी लागतात."

"पाठ हायत. प्रभातफेरीत पुढं मीच असतो."

"आणि हे सर्व तू कोणासाठी करणार?"

"बापूसाठी," दयाराम म्हणाला. "बापूची आज्ञा हाय."

बाईंच्या कानानं ते 'बापाची' असं ऐकलं. आकाशातल्या बापाची. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शाईचं पॅड पुढं केलं. दयारामनं अंगठा उठवला. गावातल्या आठांना कुणी अंगठा मागितला नव्हता. आपलं काम पक्कं झालं, असं त्याला वाटलं.

मांडव्याहून गलबतातून मुंबई. मुंबईत सगळ्या तुकडीला नऊ दिवस एका इमारतीत ठेवलं. तिथं दयारामला तराजूवर उभं केलं. उंची मोजली. दंडाला टोचलं. समोरून एक फोटो काढला. मग पट्ट्यापट्ट्यांचा एक सदरा दिला. तुरुंगात काय काय करतात ते त्यानं गावात ऐकलं होतं. सगळं जुळत होतं. फक्त शिपाई फार सभ्य होते, आणि जेवणात पाव-बटाटा.

दहाव्या दिवशी त्यांना गोदीत नेलं. समोर आगबोट होती. दयारामनं लगेच ओळखलं. काळं पाणी. आपल्याला अंदमानला धाडतायत. मीठ न करताच. मग दुसऱ्याच क्षणी त्याला अभिमानही वाटला. आठांपैकी कुणाचं एवढं भाग्य नव्हतं.

तुकडीत अंबाजी शमुवेल नावाचा कंपौंडर होता. अलिबागचाच, दोन पिढ्यांचा ख्रिस्ती, आणि बोट हलताच घरच्या आठवणीनं हैराण झालेला. तिसऱ्या दिवशी दयाराम त्याच्या शेजारी कठड्याला टेकला.

"अंबाजीराव, तुरुंग कवा येतो?"

"कुठला तुरुंग?"

"अंदमानचा."

"अंदमान त्या बाजूला," अंबाजीनं पाठीमागं बोट केलं. "आपण ह्या बाजूला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अंबाजी तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. एवढा हसला, की बोटीवरच्या डॉक्टरनं त्याची नाडी पाहिली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तू आमच्या मंडळीतला नाहीस?"

"न्हाय. आमची एकवीरा."

"मग बापाची आज्ञा?"

"बापूची."

"मी तुला वाटेतल्या मोंबासा बंदराहून परत पाठवीन," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

दयारामनं हिशेब केला. मोंबासाहून परत म्हणजे दीड महिन्यात खारडोंगरी. बाकीचे आठ तुरुंगात, आणि हा घरी. आफ्रिका, बंगला, गोरी बाई. कोण ऐकणार? माफी लिहून दिली आणि वर गोष्ट रचली, असंच गाव म्हणणार. हिरामण तर काही म्हणणारच नाही. गोदूचं गाठोडं बांधेल.

"अठरा महिने बोललो, अठरा महिने भरनार," तो म्हणाला.

"पण तू ख्रिस्ती नाहीस, दयाराम."

"भिंत बांधायचीय ना? भिंतीला कुठं ठाव असतं?"

बाईंनी रात्रभर प्रार्थना केली, आणि सकाळी त्याला सांगितलं की राहा.

बैरा नावाच्या पोर्तुगीज बंदरात ते उतरले. तिथं एक गोदामवाला पेट्यांभोवती ओरडत होता. अंबाजीला इंग्रजी येत होतं, त्याचा काही उपयोग होईना. तेवढ्यात दयारामनं पेटीची चावी काढून गोदामवाल्याच्या हातात ठेवली.

"तुला काय कळलं?" अंबाजीनं विचारलं.

"चावी मागतोय. सरळ आपल्या भाषेत."

पुढं त्यानं पावाच्या दुकानातनं पावही असाच मागून आणला. दोन्ही शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांनीच आणलेले. तेवढ्या जोरावर तुकडीत त्याचं वजन वाढलं. ते आगगाडीत बसल्यावर उतरलं, कारण आता पोर्तुगीज संपले होते.

चार दिवस आगगाडी. मग आठ दिवस बैलांची गाडी. नवव्या दिवशी झाडं संपली, आणि समोर नजर पुरेल तिथवर पांढरं. सपाट, चकाकणारं. दयाराम गाडीतून उतरला. खाली बसला. चिमूट उचलून त्यानं जिभेवर ठेवली.

मीठ.

मीठ करून तुरुंगात जायला निघालेला माणूस समुद्रापार जाऊन पुन्हा मिठागरावरच आला होता. तो तिथंच बसून राहिला. अंबाजी म्हणतो, आपल्याला वाटलं याला ऊन लागलं.

दवाखान्याच्या भिंती दयारामनं चार महिन्यांत उभ्या केल्या. लोक चांगले होते. दुखणी घेऊन येत, बरे झाले की कोंबडी आणून देत. भाषेचं त्याला कोडं पडलं नाही. तिथं नाहीला 'न्न्या' म्हणतात. दयारामनं 'न्हाय' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. होय म्हणायला शिकायला मात्र त्याला दोन महिने लागले. तोवर हा काही विचारलं तरी नाही म्हणणारा मोठा कडक माणूस आहे, अशी त्याची ख्याती झाली. त्याला 'रा-न्न्या' नाव पडलं. म्हणजे नाहीराव.

तिथल्या बायका त्या पांढऱ्या मैदानावरून मीठ खरवडून आणत. त्यात निम्मी माती. दयारामला ते बघवेना. त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारून मैदानाच्या कडेला चार चौकोनी वाफे आखले. हातभर खणलं की खारं पाणी लागत होतं. प्रश्न तळाचा होता. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा करावा लागतो, नाहीतर मीठ मातीत मुरतं. त्यानं बायकांना तुडवायला बोलावलं, आणि ताल धरायला खारडोंगरीचं गाणं लावलं. बायकांनी ते गाणं एका सकाळीत आपलंसं केलं, त्यात आपले शब्द घातले आणि त्याचा नाच केला. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"हा कसला उत्सव आहे?"

"उत्सव न्हाय, बाई. फरशी हाय."

बाईंनी बूट काढले. त्यांचा ताल चुकत होता, पण वजन उपयोगी पडलं.

पहिलं मीठ निघालं, ते मा-म्फोनं चाखलं. म्फोची आई, म्हणून मा-म्फो. आपल्याकडं मोरूची आय म्हणतात तसंच. ती तिथली मिठातली जाणती बाई. तिनं चिमूट जिभेवर ठेवली आणि दयारामच्या पायाशी थुंकली. दयारामला क्षणभर सासरा भेटल्यासारखं झालं.

चूक त्याची होती. घरी वाफ्यातलं शेवटचं पाणी तांबूस होतं, ते सोडून द्यायचं, हे कळतं. इथलं पाणी रंगच दाखवीना. त्यानं सगळंच आटू दिलं, आणि मिठात सोडा उतरला. मा-म्फो दुसऱ्या खेपेला वाफ्याच्या कडेला बसली. दर थोड्या वेळानं बोट बुडवून चाटायची. एका घटकेला तिनं हात वर केला. दयारामनं बांध फोडला, पाणी सोडलं. खाली राहिलं ते पांढरं, खडीसारखं मीठ.

सातव्या महिन्यात तिकडं घोड्यावरून एक गोरा फौजदार आला. बरोबर दोन शिपाई. दयाराम वाफ्यात उभा होता. हातात फावडं, समोर मिठाची रास. आता. इथंही राज्य त्याच इंग्रज राजाचं. मीठ केलं, साहेबानं पाहिलं. आता धरलं तर गावात सांगायला खरी गोष्ट होईल. सहा महिने चालतील. पंधरा दिवससुद्धा चालतील.

त्यानं फावडं टाकलं. साहेबापुढं जाऊन दोन्ही मनगटं जोडून पुढं केली.

फौजदार घोड्यावरून उतरला. त्यानं ते हात नीट उलटसुलट पाहिले. खाऱ्या पाण्यानं तळवे भेगाळले होते. त्यानं 'च् च्' केलं, दयारामला दवाखान्यात नेलं आणि अंबाजीला सांगितलं की या माणसाच्या हाताला मलम लावा. मग मिठाची चव पाहिली, उत्तम आहे म्हणाला, आणि एक पोतं मागून घेऊन गेला.

सरकारनं दयारामवर केलेली ही एकच कारवाई. अंबाजी मलम लावत होता आणि दयाराम मान खाली घालून बसला होता.

"फार झोंबतंय?" अंबाजीनं विचारलं.

"हात न्हाय झोंबत," दयाराम म्हणाला.

अठरा महिने भरले. निघताना मा-म्फोनं त्याला कातड्याच्या पिशवीत मीठ बांधून दिलं. त्याच्याच वाफ्यातलं. घरी नेतोस ना, मग रिकाम्या हातानं जाऊ नको, असं काहीतरी ती म्हणाली. तो सवयीनं 'न्हाय' म्हणाला. सगळे हसले.

एकतीस सालच्या मार्गशीर्षात धरमतरच्या धक्क्यावर तो उतरला. घरी गोदू एकटी होती. तिनं त्याला आपादमस्तक पाहिलं.

"जाड झालात," ती म्हणाली.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. गावाची बातमी तिच्याकडं तयार होती. आठही जण मागच्याच होळीला सुटून आले होते. दयाराम आला नाही. त्याची पत्रं मिशनमार्फत अलिबागेच्या टपालातून यायची, त्यात 'खुशाल आहे, कष्ट आहेत' यापलीकडं काही नसायचं. ते अंबाजीला त्यानंच तसं लिहायला सांगितलं होतं. निम्मं गाव म्हणत होतं, त्यानं काहीतरी मोठं केलं, अंदमानात आहे. निम्मं म्हणत होतं, माफी लिहून दिली, आणि लाजेनं मुंबईत कुठंतरी हमाली करतोय. तो धक्क्यावर उतरल्याचं गावभर झालं होतं, आणि आज संध्याकाळी देवळापुढं सगळे जमणार होते.

"म्या काय सांगू?" दयारामनं विचारलं.

"अंदमान सांगितलं तर निम्म्या गावाला पटंल," गोदू म्हणाली. "विहिरीवर निम्म्या बायका मला पयला हंडा भरू देतात, त्या देत राहतील." तिनं चूल सारखी केली. "झालं ते सांगा. हंडा काय, मागनं बी भरता येतो."

ऊन कलल्यावर देवळापुढं माणसं बसली. सगळ्यांत पुढं हिरामण. त्याच्या शेजारी अनंता, आठांतला एक, दहा महिने शिक्षा भोगून आलेला.

"येरवड्यात तू न्हवतास," अनंता म्हणाला. "ठाण्यात न्हवतास. नाशकातल्यांना बी इचारलं. मंग व्हतास कुठं?"

"आफ्रिकेत," दयाराम म्हणाला.

कुणीतरी मागं फिदकन हसलं.

दयारामनं सांगितलं. टांगेवाला, बंगला, अंगठा. फौजदाराचा भाग आला तेव्हा लोक गडाबडा लोळले. मग हसणं ओसरलं. सगळे एकमेकांकडं बघू लागले. एवढी गोष्ट रचायला अठरा महिने पुरतात, असं त्या बघण्यात होतं.

"मनगटं पुढं केली आन् मलम लावलं," अनंता म्हणाला. "बरं."

कृष्णाबाई म्हणून एक म्हातारी होती. ती गोदूला म्हणाली, "तुला काय वाटतं गं?"

"खोटं बोलले असते तर ह्याच्यापेक्षा बरं बोलले असते," गोदू म्हणाली.

हिरामणची नजर दयारामच्या हातातल्या कातडी पिशवीवर होती. "पिशवीत काय हाय?" त्यानं विचारलं.

दयारामनं पिशवी सोडून त्याच्यापुढं धरली. हिरामणनं चिमूट घेतली. दाणे तळव्यावर पसरले, उन्हाकडं तिरपे धरले. मग जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले. पेणपासून रेवसपर्यंतची आगरं त्याच्या जिभेवरून एकेक करत जात होती, हे सगळ्यांना दिसत होतं. कपाळाला आठी पडली. त्यानं दुसरी चिमूट घेतली. आजवर कुणी त्याला दुसरी चिमूट घेताना पाहिलं नव्हतं.

"खाडीचं न्हाय," तो म्हणाला. "उरणचं न्हाय. मुंबैकडचं न्हाय." तो थांबला. "तळाला सोडा हाय, नखाएवढा. ह्या पान्याला समुद्र ठाव न्हाय."

मागची माणसं उठून पुढं सरकली.

"मंग कुनाचं म्हनायचं, मुकादम?" अनंतानं विचारलं.

"पानी कुठलं ते मला सांगता येत न्हाय," हिरामण म्हणाला. हे शब्दही त्याच्या तोंडून गावानं पहिल्यांदाच ऐकले. "पन फरशी आपल्या हातची हाय. मातीचा कन न्हाय त्यात. आसं तुडवनं खारडोंगरीबाहेर कुनाला येत न्हाय." त्यानं उरलेले दाणे पिशवीत परत झटकले. "हे आसं करायला एक पुरा हंगाम लागतो. माफी लिहून पळालेला मानूस हंगामभर वाफ्यात उभा ऱ्हाईल व्हय?"

अनंतानं पिशवीत बोट घातलं आणि चाटलं. त्याला काहीच कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली. मग पिशवी हातोहात फिरली. त्या दिवसापासून तो दया वालंटेर. आठांपैकी कुणालाही गाव वालंटेर म्हणत नाही. ते नुसते तुरुंगात जाऊन आलेले.

लोक उठले. हिरामणही उठला. दोन पावलं जाऊन वळला.

"जावईबापू."

"काय, मामा?"

"दाना बारीक पडलाय. शेवटचं पानी घाईनं सोडलंस."

अंदमान नाही, आफ्रिका नाही, मलमसुद्धा नाही. दयारामच्या मनाला आजही लागून आहे ते एवढंच. विषय निघाला की तो सांगतो, पाणी सोडायची वेळ आपण ठरवली नव्हती. हात मा-म्फोनं वर केला होता.